वीस मिलिमीटरचा डिपर: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आजपासून काम सुरू. चाकणच्या पट्ट्यात एक छोटी चारचाकी इलेक्ट्रिक मालवाहू गाडी तयार होते आहे, तिचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली झुकलेला झोत, आमच्याकडे आला. गाडीचा चेहरा आधीच ठरला आहे. दिव्याला उरलेली जागा म्हणजे ५० मिमी रुंद आणि २५ मिमी उंच अशी एक फट. जुन्या जीपचा सात इंची गोल दिवा डोळ्यांसमोर आणला की ही जागा किती थोडी आहे ते कळतं.

मांडणी अशी: मागे ओळीने पाच एलईडी, प्रत्येकासमोर एक लाइट गाइड (प्रकाश आतून पुढे नेणारी पारदर्शक दांडी), आणि सगळ्यांपुढे मिळून एकच लेन्स. रिफ्लेक्टर नाही. पत्र्याचा आडोसाही नाही. नेहमीच्या प्रोजेक्टर दिव्यात झोताचा वरचा भाग पत्र्याने अडवतात, म्हणजे वीज खर्चून तयार केलेला प्रकाश दिव्याच्या आतच वाया जातो. इथे गाइडच्या पुढच्या तोंडाची खालची कड हेच आपलं कटऑफ. लेन्स चित्र उलटं करते, त्यामुळे तोंडाची खालची कड रस्त्यावर झोताची वरची हद्द होते.

हे काम मी हट्टाने मागून घेतलं, त्याचं कारण लिहून ठेवतो. आबा अजून नारायणगावहून रात्री दुचाकीवर घरी येतात. समोरून हॅलोजनच्या डब्यात बाजारातला एलईडी बल्ब घुसवलेली गाडी आली की ते गाडी कडेला घेऊन उभे राहतात. तो रिफ्लेक्टर एच-४ बल्बच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे जाड सर्किटवर दोन्ही बाजूंना चिपा आल्या की हद्दच उरत नाही, प्रकाश वर उधळतो. दिवा जुना असो की नवा, डिपरचा कस त्या हद्दीवरच लागतो.

१२ जून

दिवसभर कागद आणि कॅल्क्युलेटर. लेन्स १५ मिमी उंच असावी अशी गाडीवाल्यांची इच्छा होती. होणार नाही. हिशोब सविस्तर लिहितो, कारण पुढच्या बैठकीत तो पुन्हा मागितला जाणार.

चिप १ मिमी बाय १ मिमी. १ अँपिअरवर, तापलेली असताना, साधारण २८० लुमेन (एकूण प्रकाशाचं माप). चिप समोरच्या अर्ध्या आकाशात मऊपणे पसरणारी धरली की लुमेनला पायने भागायचं आणि क्षेत्रफळाने भागायचं: दर चौरस मिलिमीटरला ८९ कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या जोराचं माप). गाइडचं मागचं तोंड चिपपेक्षा जरा मोठं, १.१ मिमी ठेवावं लागतं, म्हणून हा आकडा ७४ वर येतो. प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्के परत फिरतात. गाइड, लेन्स आणि बाहेरचं कव्हर मिळून सहा पृष्ठभाग, म्हणजे ७८ टक्केच उरले. तिरके जाणारे किरण, चिप आणि गाइडमधल्या फटीतून निसटणारे किरण, पॉलिशमधली उणीव हे सगळं धरून मी ०.६ घेतो.

आता तेज गुणिले लेन्सचा उजळलेला भाग. १५ मिमी व्यासाच्या गोलाइतका भाग उजळला तर जास्तीत जास्त ७८०० कँडेला. २० मिमी असेल तर १४००० च्या आसपास. युरोपच्या आर-११२ नियमातले आकडे आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी उलटवून घेतले, तर ७५ मीटरवर रस्त्याच्या डाव्या कडेला पडणाऱ्या बिंदूला किमान १०१०० कँडेला लागतात. १५ मिमीमध्ये ते बसत नाहीत, आणि गाइड कितीही हुशारीने घडवला तरी बसणार नाहीत.

गाइड प्रकाश नेतो, वळवतो, त्याला आकार देतो. तेज मात्र वाढवत नाही. मागचं तोंड लहान आणि पुढचं मोठं केलं की कोन लहान होतो, एवढाच सौदा तो करतो. १.१ मिमीवरून ३.५ मिमीवर गेलो की बाहेर पडणारा प्रकाश साधारण १८ अंशांत आवळला जातो, आणि ३० मिमी फोकल लांबीच्या, २० मिमी उंच लेन्समध्ये तो बरोबर मावतो. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. लेन्स बुटकी करायची तर गाइडचं तोंड वाढवा, मग झोत जाड होतो आणि मधला जोर जातो.

गाडीवाल्यांना फोन केला. २० मिमी मान्य.

१३ जून

ठरलेली मापं: लेन्स ४० बाय २०. गाइडची पुढची तोंडं ३.५ बाय ३.५, पाच शेजारी शेजारी, एकूण १७.५ मिमी. रस्त्यावर साधारण ३३ अंश रुंद आणि पावणेसात अंश जाड झोत.

१९ जून

गाइडचं मटेरियल. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, पॉलिकार्बोनेटचा १.५९ च्या आत, ऑप्टिकल सिलिकॉनचा १.४१.

सपाट तोंडातून आत शिरलेला प्रकाश समांतर भिंतींच्या गाइडमधून बाजूने बाहेर पडेल का, याची एक सोपी कसोटी आहे. अॅक्रिलिकमध्ये किरण कितीही तिरका आला तरी आत गेल्यावर अक्षापासून ४२ अंशांच्या पलीकडे झुकत नाही. म्हणजे बाजूच्या भिंतीवर तो किमान ४८ अंशांनी आदळतो, आणि पूर्ण परावर्तनाला ४२ पुरे असतात. प्रकाश कोंडलेलाच राहतो. या हिशोबाची सीमा दोनच्या वर्गमुळावर, १.४१४ वर येते. सिलिकॉन १.४१. अगदी उंबऱ्यावर! सरळ दांडीत सर्वांत तिरक्या किरणांतले थोडे निसटतील. पण आपला गाइड पुढे रुंदावत जाणारा आहे, आणि रुंदावणाऱ्या भिंतीवर प्रत्येक आदळण्यानंतर किरण अक्षाकडे वळतो. त्यामुळे सिलिकॉनही चालेल.

तरी पहिला नमुना अॅक्रिलिकचा. ते मशिनवर कापता येतं, साचा लागत नाही.

२ जुलै

भोसरीच्या टूलरूममधून पाचही गाइड आले. हातात घेतल्यावर काचेच्या लवंगांसारखे दिसतात. टूलरूमच्या काकांनी व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) बारीक बॉल कटरने कापून हाताने पॉलिश केले आहेत. पुढच्या तोंडाची खालची कड पॉलिश करायची नाही असं बजावलं होतं. त्या कडेची गोलाई ०.१ मिमी झाली तर ३० मिमी लेन्समागे तो जवळपास ०.२ अंशाचा धूसर पट्टा होतो. भिंगाखाली पाहिलं, कड ०.०३ च्या आत आहे. काकांचा हात सोन्याचा.

संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. गाइडवर कटिंग ऑइलचा अंश होता, म्हणून एक गाइड आयपीएने, म्हणजे अल्कोहोलने, पुसला. मिनिटभरात त्याच्या अंगावर बारीक रेषांचं जाळं उमटलं, तळ्याच्या आटलेल्या चिखलासारखं. कापताना अॅक्रिलिकच्या अंगात ताण राहतो आणि अल्कोहोल लागलं की तो फुटून वर येतो. आधी ८० अंशांवर ओव्हनमध्ये काही तास ठेवून हळूहळू थंड करायला हवं होतं. उरलेले चार रात्रभर ओव्हनमध्ये. पाचवा पुन्हा कापायला दिला.

८ जुलै

पहिल्यांदा पेटवला. अंधारात नुसते गाइड, लेन्स न लावता. तिसऱ्या गाइडच्या अंगावर एक ठसा चमकत होता, अंगठ्याच्या रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. माझ्याच अंगठ्याचा. भिंतीवर तेलकट थर बसला की तिथलं पूर्ण परावर्तन मोडतं आणि प्रकाश बाहेर गळतो. आता गाइड हातमोज्यांशिवाय उचलायचा नाही. होल्डरही भिंतींना कुठेच टेकता कामा नये, फक्त पुढच्या कॉलरला धरायचं. ड्रॉइंगमध्ये तसं बदललं.

१६ जुलै

लेन्स लावून भिंतीवर पहिला झोत.

शेडमध्ये १० मीटर मोकळे मिळतात, मोजणीचे नेहमीचे २५ नाहीत. पण लेन्स ४० मिमीची असल्याने १० मीटरवर मोजलेलं चालतं. भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजायचा; लक्स गुणिले १०० म्हणजे कँडेला. भिंतीवर चिकटपट्टीने आडवी आणि उभी रेषा. कटऑफ आडव्या रेषेच्या १० सेंमी खाली, १ टक्का उतार. समोरच्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांचा बिंदू, ज्याला बी-५० म्हणतात, तो रेषेच्या १० सेंमी वर आणि ६० सेंमी उजवीकडे. तिथे जास्तीत जास्त ३५० कँडेला चालतात, म्हणजे आमच्या भिंतीवर ३.५ लक्स.

मीटरने १९ दाखवले.

आधी वाटलं कड धूसर आहे. मग भिंतीकडे नीट पाहिलं. आडवी हद्द मधोमध येऊन वर चढते, पंधरा अंशांनी, अगदी हवी तशी, पण उजवीकडे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून. चढ डावीकडे हवा, म्हणजे कडेने चालणारा माणूस आणि किलोमीटरचा दगड दिसतो, आणि समोरून येणारा अंधारात राहतो. मी नेमकं समोरच्याच्याच डोळ्यांकडे बोट दाखवणारा दिवा बनवला होता.

काकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं ड्रॉइंग समोरून बघायचं की ड्रायव्हरच्या सीटवरून?" तिथेच सगळं कळलं. लेन्स वर-खाली उलटवते आणि डावं-उजवंही. रस्त्यावर डावीकडे वर हवं असेल, तर मागून पाहताना गाइडची कड उजवीकडे खाली उतरायला हवी. मी ते चित्र मागून काढलं आणि ड्रॉइंगवर "समोरून दृश्य" असं लिहून पाठवलं. काकांनी कागदावर होतं ते कापलं.

यापुढे प्रत्येक ड्रॉइंगवर कडेला एक छोटा ड्रायव्हर आणि बाण. आणि रस्त्यावरचं चित्र वेगळं, गाइडच्या तोंडाचं वेगळं, दोन्ही एकाच पानावर.

१७ जुलै

कालच्या झोतात आणखी एक गोष्ट होती, ती चढाच्या गडबडीत नजरेआड झाली. पाच गाइडांच्या मध्ये चार काळ्या उभ्या रेघा. तोंडं एकमेकांना चिकटून बसवली तरी ०.१ मिमीची फट राहते आणि लेन्स ती रस्त्यावर इमानाने दाखवते. मर्सिडीजच्या २०१६ च्या ई-क्लासमधल्या ८४ एलईडींच्या दिव्यासारखा प्रत्येक ठिपका वेगळा विझवायचा असता, तर गाइड वेगळे ठेवणं भागच होतं. आमच्या डिपरला ते नको. शेवटचे २ मिमी पाचही गाइड एकाच पट्टीत मिसळू देऊ, तोंड एकसंध. शेजारचा प्रकाश शेजारी गेला तर इथे फायदाच आहे.

२८ जुलै

नवा अॅक्रिलिक नमुना, एकाच ठोकळ्यातून कापलेला. चढ डावीकडे. रेघा गेल्या. बी-५० वर ३.१ लक्स. डाव्या कडेच्या ७५ मीटरच्या बिंदूवर ९६ लक्स, लागतात १०१. जवळ आलो, पण पोहोचलो नाही.

मधला गाइड बदलून पाहतो. तोंड ३.५ वरून ३.१ केलं तर प्रकाश १८ ऐवजी जवळपास २१ अंशांत पसरतो. लेन्सच्या वर-खाली थोडा वाया जाईल, पण लेन्सचे आजवर अंधारात राहिलेले कोपरे उजळतील, आणि मध्यभागी पोहोचणारा जोर उजळलेल्या क्षेत्रावरच अवलंबून आहे. एकूण लुमेन कमी, मधला झोत जास्त. पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

५ ऑगस्ट

झाला. १११ लक्स.

आणि त्याच रात्री दुसरा प्रश्न. दोन तास सलग चालवल्यावर कटऑफखालचा प्रकाश मंदावला. उघडून पाहिलं तर दोन गाइडांची मागची तोंडं गोल झाली होती, मेणबत्ती बाजूने वितळावी तशी. पाच एलईडी मिळून १५ वॅटच्या वर वीज खातात, त्यातली साधारण १० वॅट उष्णता होते. हीटसिंकचा पाया ७८ अंशांवर होता, शेडमध्ये ३१. पण चिपवरचा फॉस्फरचा थर चिपच्या आतल्या भागापेक्षाही तापतो आणि गाइड त्याच्यापासून फक्त ०.२ मिमीवर. अॅक्रिलिक शंभराच्या आसपास मऊ पडतं. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद डब्यात, हे गणित अजिबात जमणार नाही.

पॉलिकार्बोनेट उष्णता सोसतं, पण तापलेल्या अवस्थेत निळ्या प्रकाशाखाली कालांतराने पिवळं पडतं. डिपर पिवळट होत गेला तर चालकाला कळतही नाही. म्हणून सिलिकॉन. लेन्स मात्र अॅक्रिलिकचीच: ती गार राहते, आणि पॉलिकार्बोनेट रंग जास्त फोडतं, कटऑफवर निळी किनार येते.

२० ऑगस्ट

सिलिकॉनच्या साच्याचं ड्रॉइंग. तीन दिवस एकाच गोष्टीवर गेले: हे सिलिकॉन तापलं की फुगतं. अॅक्रिलिकच्या कितीतरी पट. २० मिमी लांब गाइड ६० अंशांनी तापला तर लांबी ०.३६ मिमीने वाढते. पुढून घट्ट धरला तर मागचं तोंड थेट चिपवर जाऊन टेकेल. मागून धरला तर कटऑफची कड लेन्सच्या फोकसमधून सरकेल.

उपाय: लांबी १२ मिमी. पुढच्या कॉलरला पक्कं धरायचं, वाढ मागे जाऊ द्यायची. गार असताना फट ०.४, तापल्यावर ०.२. दिवा तापला की चिपचा प्रकाश घटतो, आणि त्याच वेळी फट कमी होऊन गाइड जास्त प्रकाश पकडतो. हे आधी योजलेलं नव्हतं, आकडे मांडताना सापडलं.

उंचीतही वाढ होते, ३.५ मिमीला ०.०६. म्हणजे कटऑफ ०.१२ अंश हलणार. म्हणून खालची कड अॅल्युमिनियमच्या ओठावर टेकवायची. काय वाढायचं ते वरच्या बाजूला वाढेल, हद्द जागेवर राहील.

२३ सप्टेंबर

साच्यातून पहिले सिलिकॉन गाइड. हाताला रबरासारखे, पाण्यासारखे स्वच्छ, आणि धूळ अशी ओढतात की पिशवीतून काढल्यावर दहा सेकंदांत तंतू चिकटलेला असतो.

भिंतीवर कटऑफला मिशी फुटली होती: मधोमध एक बारीक प्रकाशाची पात, रेषेच्या वर. भिंगाखाली पाहिलं तर कडेवर केसाएवढा पापुद्रा. द्रव सिलिकॉन इतकं पातळ असतं की साच्याच्या दोन भागांत काही मायक्रॉनची फट मिळाली तरी शिरतं. साचा कुठे उघडायचा ती रेषा मी कडेवरूनच नेली होती. काकांशी बसून ती वर हलवली. खालची कड आता साच्याच्या एकाच अखंड भागात येते.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. टूलरूममध्ये मशिनांची पूजा. व्हीएमसीच्या शेजारी काकांनी झेंडू वाहून साचाही ठेवला होता. दुपारी तोच साचा दुरुस्त होऊन माझ्या हातात.

९ ऑक्टोबर

डाव्या कडेचा बिंदू १२४ लक्स. बी-५० वर २.६. सरळ समोर ५० मीटरच्या बिंदूवर ८८, लागतात ५१. चार तास सलग चालवून पुन्हा मोजलं, कटऑफ भिंतीवर ३ मिलिमीटरही हलला नाही. मंजुरीसाठी वेताळ टेकडीवर एआरएआयकडे (वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था) पाठवण्याआधी पाण्याच्या आणि धुळीच्या डब्यातली चाचणी बाकी आहे. एलईडीची उष्णता मागे जाते, लेन्स गार राहते, त्यामुळे आत बसलेलं दव हॅलोजनसारखं आपोआप सुटत नाही. हवा सोडणारी पण पाणी न घेणारी जाळी मागच्या झाकणावर लावली.

१८ ऑक्टोबर

रात्री गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर, नमुन्याच्या गाडीवर दोन्ही दिवे लावून. टेपने २५ मीटर मोजले आणि तिथे आबांना उभं केलं. दिवा जमिनीपासून ७० सेंमीवर आहे, १ टक्का उतार, म्हणजे २५ मीटरवर हद्द ४५ सेंमीवर यायला हवी.

"आबा, कुठपर्यंत उजेड आहे?"

"गुडघ्याला." मग थोडं थांबून, "तोंडावर काहीच नाही रे. तू कुठे उभा आहेस ते दिसतंय मला."

मी गाडीच्या शेजारी उभा होतो. दिवे लागलेले असताना त्यांना माझा चेहरा दिसत होता.

मग मागच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्या टाकल्या. मागचे स्प्रिंग ४० मिमी बसले. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २ मीटर, म्हणजे गाडीचं नाक २ टक्क्यांनी वर. आबांच्या अंगावरचा उजेड गुडघ्यावरून कमरेच्या वर चढला, टेपने ९५ सेंमी. ५० मीटरवर तीच हद्द १२० सेंमीवर जाते. समोरून येणाऱ्या छोट्या गाडीत चालकाचे डोळे तिथेच असतात. आबा बाजूला झाले नाहीत, पण त्यांनी हात वर घेतला होता.

मालवाहू गाडी रात्री भरलेलीच धावणार. डॅशबोर्डवर चार पायऱ्यांची कळ आणि दिव्यामागे उंची बदलणारी छोटी मोटर, दोन्ही नमुन्यातच घ्यायला हवीत, "पुढच्या मॉडेलला" नाही. गाडीवाल्यांना रात्रीच लिहिलं. मोटरला मागे २२ मिमी जागा लागते, हीटसिंकच्या दोन पात्या कापल्या तर ती निघते. उद्या सकाळी कापून पुन्हा तापमान मोजायचं.